सरकीचे साठ दाणे

“आता सरकी कोन मोजन बे?”

मधुकर पाटील हे अगदी हळू बोलला होता. तुमच्या अंगणात मी आईशेजारी बायकांमध्ये बसले होते. तो आणि फुलसिंग आमच्या मागे कुडाला टेकून उभे होते, म्हणून मला ऐकू आलं. सराव संपल्यावर धरतो तसं फुलसिंगनं उजवं कोपर डाव्या तळव्यात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या काठाकडे पाहू लागले.

मास्तर, तुम्ही बुधवारी गेलात आणि रविवारी यवतमाळच्या संघाशी सामना होता. तो पुढे ढकलायचा का, हे विचारायला कोणी धजत नव्हतं. शेवटी काकूच तुमच्या घरातून बाहेर येऊन डोळे पुसत म्हणाल्या, “खेळून घ्या रे पोट्टेहो. सामना बुडवला त त्याईले खपन काय?”

खपलं नसतं. तुम्हाला पाऊस खपत नसे, सुटी खपत नसे, लग्नाची तिथी सरावाच्या दिवशी आली तर नवरदेवसुद्धा खपत नसे.

शाळेच्या अंकात तुमच्यावर लिहायला हेडमास्तरांनी मला सांगितलं आहे. तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं नोकरी केलीत, ते सगळं तेच लिहिणार आहेत. मला म्हणाले, “तुम्ही खेळाचं लिहा. वही तुमच्याकडेच होती.” खरं आहे. वही माझ्याकडे होती, पेन्सिल माझ्याकडे होती. तोंड तेवढं तुमच्याकडे होतं.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आलात ते दुपट्ट्यात गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन. यवतमाळच्या मिशनच्या बंगल्यातले गोरे पाद्री मायदेशी परतताना शाळेला एक पेटी देऊन गेले होते. तिच्यात दोन लाकडी दांडे, चार चामडी हातमोजे, डझनभर चेंडू आणि बेसबॉल नावाच्या खेळाच्या नियमांचं हे इंग्रजी पुस्तक. पेटी दोन वर्षं नकाशांच्या खोलीत पडून होती. ती तुम्ही उघडलीत. हातमोजा पाहून शिपाई म्हणाला होता की हा कुण्या राक्षसाचा पंजा असेल.

“डाक्टरसाहेब,” तुम्ही बाबांना म्हणालात, “तुमची पोरगी विंग्रजी शाळेतली हाय म्हनतात. हे वाचून सांगन का?”

नागपूरच्या शाळेच्या वसतिगृहातून परत येऊन मला चारच महिने झाले होते. घाटंजीत मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि पडद्याआडून माणसं पाहत होते. बाबांनी “बेबी!” अशी हाक मारली तेव्हा पडद्याच्या मागून निघायला मला वेळ लागला. तुम्ही बाकावर बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. मी नियम वाचून मराठीत सांगत गेले आणि माझं मराठी ऐकून तुम्ही ते पुन्हा तुमच्या मराठीत सांगत गेलात.

“म्हंजे एक फेकते, एक मारते, मारनारा चार ठिकानं शिवून घरी येते. बरोबर?”

“हो.”

“त्या ठिकानाले काय म्हनतात?”

मी इंग्रजी शब्द सांगितला. तुम्ही तो तोंडात घोळवून पाहिलात आणि टाकून दिलात. “नाकं म्हनू. पहिलं नाकं, दुसरं नाकं, तिसरं नाकं. पोट्ट्याईले नाकं समजते. नाक्यावर थांबलं नाही त पकडतात.”

मी हसले. परक्या माणसासमोर मी हसले, हे आईनं आतून ऐकलं आणि रात्री जेवताना दोनदा विचारलं की मास्तर काय म्हणाले होते.

पंधरा दिवसांत जिनिंगमधून मागून आणलेल्या पोत्यांची नाकी तयार झाली. पोत्यांत सरकी भरलेली होती, कापसातून रुई काढल्यावर उरते ती. पायाखाली ती कुरकुरायची. हातमोजे चारच असल्यामुळे ते हातोहात फिरायचे. एक पाटलांच्या घरचा मधुकर, एक तुमच्या वस्तीतला, एक तेल्याचा, एक तांड्यावरचा, सगळ्यांचा घाम त्या चार पंजांत. मधुकरच्या आजीला ते कळलं तेव्हा त्यांनी घरी आलेला हातमोजा गोमूत्रानं धुतला आणि दोन दिवस छपरावर उन्हात ठेवला. परत आला तेव्हा त्याचा खापराचा तुकडा झाला होता. बोट आत जाईना. मधुकर रडवेला झाला होता.

तुम्ही रागवाल असं मला वाटलं. रागवण्याचा तुमचा हक्क होता. छप्पन साली तुम्ही नागपूरला जाऊन आलात, त्यालाही तेव्हा पाच-सहा वर्षं होऊन गेली होती. पण तुम्ही तो हातमोजा बाबांच्या टेबलावर ठेवून म्हणालात, “साहेब, पेशंट आनला. हातपाय कडक झाले. काही सांगा.”

बाबांनी चष्मा लावून तपासला. “एरंडेल लावा. दिवसातून तीनदा.”

“पोटातून का वरून?”

“वरून. पोटातून पाटलांच्या आजीला द्या.”

आठ दिवस दवाखान्याला एरंडेलाचा वास होता. हातमोजा बरा झाला. मी वहीत लिहिलं : हातमोजा क्रमांक तीन, प्रकृती उत्तम. हे पहिलं दुखणं, जे तुम्ही दोघांनी मिळून बरं केलंत.

तुम्हाला सांगायचं राहिलं ते इथेच सांगते. त्या दिवसांत आमच्या घरी तुमचा चहाचा कप वेगळा असे. तो खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. मला तो रोज दिसायचा आणि मी काही बोलत नसे. एका सकाळी मी तो उचलला, धुतला आणि कपाटात इतर कपांमध्ये मिसळून ठेवला. सगळे एकाच डझनातले होते. आईनं चहा करताना खिडकी पाहिली, कपाट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हाताला येईल तो कप घेतला. तुम्ही चहाचा घोट घेऊन म्हणालात, “आज कप गर्दीतून आला वाटते.” बाबा मोठ्यानं हसले. मग खुर्चीवरून उठून त्यांचा कप घेऊन ते बाकावर तुमच्या शेजारी येऊन बसले. त्या कपाबद्दल तुमची माफी कोणी मागितली नाही. मीसुद्धा नाही. आज मागते.

आणि फुलसिंग. तो तुम्हाला सापडला की तुम्ही त्याला, यावर तुम्ही दोघं शेवटपर्यंत भांडत होता. मला जे दिसलं ते असं. एक चेंडू भिंतीवरून रस्त्यावर गेला होता. तो आणायला कोणी निघण्याआधीच तो परत आला, चिंचेच्या शेंड्यावरून, आणि मधुकरच्या हातमोज्यात असा बसला की मधुकर खाली बसला.

“कोन हाय बे तिकडे?” तुम्ही ओरडलात.

भिंतीपलीकडून आवाज आला, “मी काही फोडलं नाही, मास्तर!”

मधुकरच्याच घरचा सालदार निघाला तो, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा, अठरा-एकोणीस वर्षांचा, तांड्यावरचा. लहानपणापासून ज्वारी राखत आलेला. पाखरांवर गोफण चालवून चालवून तो हात तयार झाला होता. तुम्ही त्याला हाताला धरून आत आणलंत. मालकाचा मुलगा झेलणार आणि सालदार फेकणार, हे दोघांनाही अवघड वाटत होतं. फुलसिंग मधुकरकडे फेकताना हात आखडता घ्यायचा.

“काहून बे, हात कायले आखडून राह्यला?” तुम्ही विचारलंत.

“मालक हायेत ना जी.”

“नाक्याच्या आत पाटीलकी चालत नाही. इथं फेकनारा मालक. मधुकर, काय म्हनतं?”

मधुकर मोठ्या मनाचा पोरगा. म्हणाला, “फेक रे बाप्पा, शेतात मी पाहून घेतो तुले.”

मग काय! फुलसिंग फेकत सुटला. पहिल्या आठवड्यात किती फेकलं याचा हिशोब नाही. दुसऱ्या आठवड्यात कोपर सुजलं. तुम्ही त्याला दवाखान्यात आणलंत आणि बाबांनी त्याचा हात फिरवून पाहिला. मग त्याला चुन्याच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात वर जाईल तितका न्यायला लावला आणि तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. खाली मला तारीख लिहायला सांगितली. पुढे दर रविवारी एक रेघ. घरोघरी मुलांची उंची अशी भिंतीवर वाढते, आमच्या दवाखान्यात फुलसिंगचा हात वाढला.

“मास्तर,” बाबा म्हणाले, “हा सांधा आहे, बैलगाडीचा आस नाही.”

“आसालेबी वंगन लागतेच ना, साहेब. तुमी वंगन सांगा, गाडी मी हाकतो.”

बाबांनी सांगितलं, दिवसाला चाळीस फेकी. तुम्ही म्हणालात शंभर. मला पुस्तकात पाहायला लावलंत, पुस्तकात काही नव्हतं. मग आठवडी बाजारात वांग्यांचा होतो तसा भाव झाला आणि साठावर सौदा पटला. दोघंही एकदम माझ्याकडे वळून म्हणालात, “लिहून घे,” “लिवून घ्या ताई.”

मोजायची रीत तुमची. पोत्यातून सांडलेल्या सरकीचे साठ दाणे उजव्या खिशात. एक फेक झाली की एक दाणा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की तुमचा आवाज मैदानभर : “बस झालं बे, हात खाली!” मग मारणारा दांडा उगारून उभा असो की कोणी तिसऱ्या नाक्यावर असो, फुलसिंगचा हात खाली यायचा. यायलाच लागायचा. घरी गेल्यावर तव्यावर गरम केलेल्या सरकीच्या पुरचुंडीनं शेक. बाबा म्हणायचे मिठाची पुरचुंडी चांगली, तुम्ही म्हणायचात सरकी ऊब धरून ठेवते. शेवटी बाबांनी घड्याळ लावून दोन्ही पुरचुंड्या स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि पेशंट बाहेर ताटकळत राहिले. सरकी जिंकली. बाबांनी ते मान्य केलं, पण तुमच्यासमोर नाही.

पावसाळाभर सगळं छान चाललं. भिंतीवरच्या रेघा वर चढत होत्या. दिवाळीनंतर एका रविवारी रेघ खाली आली. पुढच्या रविवारी आणखी खाली. दाणे साठच होते, माझ्या वहीत साठच होते, आणि कोपर पुन्हा सुजलं होतं.

बाबांना वाटलं, तुम्ही चोरून जास्त फेकायला लावता. तुम्हाला वाटलं, बाबांचं औषध खोटं आहे. तुम्ही दवाखान्याची पायरी चढायचं बंद केलंत. बाबा मैदानाच्या रस्त्यानं जायचं टाळू लागले. तीन आठवडे तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोललात.

बाबा म्हणायचे, “त्या माणसाला सांग, मुलाचा हात गेला तर पाप त्याच्या माथी.”

मी मैदानावर येऊन सांगायची, “बाबा म्हणाले, हाताला जपा.”

तुम्ही माझ्याकडे डोळे बारीक करून पाहायचात. “एवढंच म्हनले? मंग साहेबाची तब्बेत बरी नाही वाटते.”

आणि तुमचा निरोप असायचा : “डाक्टरले सांगा, पंख्याखाली बसून गोळ्या देनं सोपं हाय. उन्हात उभं राहून दाखवा म्हना.” मी घरी येऊन सांगितलं, “मास्तर म्हणतात, एकदा मैदानावर या.” बाबांना ते आमंत्रण वाटलं. उन्हाची टोपी घालून ते खरंच आले. तुम्हाला वाटलं पाळत ठेवायला आले. तासभर तुम्ही दोघं मैदानाच्या दोन टोकांना उभे होता, एकमेकांकडे पाठ करून, आणि मधे मी वही धरून. फुलसिंग मला म्हणाला, “ताई, ह्या दोघायचंच लगन लावून द्या आता.”

मला मात्र हसू येत नव्हतं. कारण मला माहीत होतं.

पहाटे मी पारवा गावाच्या रस्त्यानं फिरायला जात असे. पाटलांच्या ज्वारीला कणसं भरली होती, पोपटांचे थवे उतरत होते, आणि मचाणावर फुलसिंग उभा असायचा. गोफणीची दोरी झिजून तुटली होती बहुतेक. तो नुसत्या हातानं ढेकळं फेकत होता. मला मोजायची सवय लागली होती. मी शेताच्या कोपऱ्यापासून रस्त्याच्या वळणापर्यंत चालले तेवढ्यात अडतीस झाली. आणि सूर्य अजून वर यायचा होता.

तुम्ही दोघांनी मैदानावरचा प्रत्येक चेंडू मोजला होता. शेतात तो काय करतो ते कोणी विचारलं नव्हतं. ते खेळात धरलंच नव्हतं कोणी, फुलसिंगनंसुद्धा नाही. त्याच्या लेखी फेकणं म्हणजे तुमच्यासमोरचं. पहाटेचं होतं ते काम.

आठ दिवस मी गप्प राहिले. सांगितलं तर पाटील त्याला रागावतील, किंवा तुम्ही त्याला खेळातून काढाल, असं स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला बोलायचं नव्हतं. दोन रागावलेल्या मोठ्या माणसांमध्ये उभं राहून एक वाक्य बोलायचं, तेही कोणी न विचारता, हे मला जमणार नव्हतं. आठ दिवसांत भिंतीवरची रेघ दोन बोटं उतरली.

शेवटी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. “फुलसिंग पहाटे मचाणावरून ढेकळं फेकतो. वळणापर्यंत अडतीस.” नाव घातलं नाही. एक तुमच्या हजेरीपटात ठेवली, दुसरी बाबांच्या बॅगेत.

दुसऱ्या पहाटे मी वळणावरच्या बाभळीमागे उभी होते. एका बाजूनं बाबा सायकलवरून आले, दुसऱ्या बाजूनं तुम्ही धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत आलात. मचाणाखाली दोघं समोरासमोर. वर फुलसिंग, हातात ढेकूळ.

“तुमी कायले आले जी इथं?”

“मला चिठ्ठी आली.”

“मलेबी आली.”

दोघांनी खिशातून कागद काढले आणि शेजारी धरले. बाबा म्हणाले, “हे अक्षर मी रोज बघतो. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.”

तुमचं हसणं मला वळणापर्यंत ऐकू आलं. पोपटसुद्धा उडाले. फुलसिंगला वाटलं आता मार बसणार, म्हणून तो मचाणावरून उतरेना. तुम्ही म्हणालात, “उतर रे राजा! चूक आमची हाय. दोन शिकले-सवरले मानसं, आन् तुले इचारलं नाही, बाकीचा दिवस काय करतं म्हनून.”

त्याच दुपारी बाबांनी दवाखान्यातले रिकामे पत्र्याचे डबे काढून दिले. तुम्ही ते सुतळीत ओवून शेतभर टांगलेत. मचाणावर बसून दोरी ओढली की सगळं शेत खणखणायचं, पोपट उडायचे. आणि ती दोरी मचाणाच्या डाव्या बाजूला बांधली होती, म्हणजे फुलसिंगनं डाव्या हातानंच ओढावी. डावी बाजू बाबांची कल्पना, सुतळीची गाठ तुमची. पाटील पाहायला आले तेव्हा म्हणाले, “पाखरं पयले पयले भेतात, मंग सवयतात.” पाखरं आठ दिवसांत सवयली. तुम्ही डब्यांत खडे घातलेत, ती पुन्हा भ्यायली. भिंतीवरची रेघ वर गेली.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं, मास्तर. तुमचं आणि माझं.

“चिठ्ठी चांगली होती,” तुम्ही मैदानावर म्हणालात. “पर आठ दिवस उशिरा आली. हो ना?”

मी मान हलवली. तुम्हाला कसं कळलं ते विचारलं नाही.

“फेकनाऱ्याचा हात हवेत असते, बेबीताई. तवा त्याले चिठ्ठी वाचता येत नाही. त्याले आवाज लागते. आजपासून शेवटचा दाना पडला की तुमी ओरडाचं.”

“मी लिहीन.”

“लिवाले मी सांगून राह्यलो का? ओरडाचं.”

“मला नाही जमणार.”

“दाने मोजता येते, त ओरडता काहून येत नाही? पाच शब्द त हायेत.”

“त्यातला एक शब्द मी बोलू शकत नाही.”

तुमच्या एकदम लक्षात आलं. “बे? बे म्हनाले लाजता? अवं, त्याच्याशिवाय पोट्ट्याले समजतच नाही, आपल्याले म्हनलं म्हनून!”

तुम्ही ते सोडलं नाहीत. रोज शेवटचा दाणा पडायला आला की माझ्याकडे पाहायचात, मी वहीत डोकं घालायची, तुम्ही उसासा टाकून स्वतः ओरडायचात. एकदा मी हळूच “पुरे” म्हटलं. तुम्ही कानामागे हात धरून म्हणालात, “चिमनी बोलली का कोनी?” मी तीन दिवस मैदानावर आले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात येऊन दाराशी उभे राहिलात आणि म्हणालात, “वही अडून राह्यली.” माफी मागायची तुमची रीत ती. मला पुरली.

याच उन्हाळ्यात बाबांनी तुमच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं होतं. दांड्यांचं गाठोडं डोक्यावर नेऊ नका, मैदानाला फेऱ्या मारू नका, असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “मी कुठं फेकून राह्यलो, साहेब?” बाबा बुधवारी तुमच्या घरून आल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग म्हणाले, “स्वतःची सरकी कधी मोजली नाही या माणसानं.” पहिल्यांदाच मी त्यांना पेशंट येऊनही खुर्चीत न बसता उभं राहिलेलं पाहिलं, भिंतीवरच्या रेघांसमोर.

काकूंनी मला निघताना एक फडक्याची गाठ दिली. “धुवाले कोट काढला त खिशात हे निघालं. तुमचंच असन.” घरी येऊन मी दाणे मोजले. साठ. पुढच्या सरावासाठी तुम्ही आधीच मोजून ठेवले होते.

सामना आपण हरलो, हे आधीच सांगून टाकते. एका धावेनं. तुम्ही असता तर पंचाशी भांडला असता आणि पंच बरोबर होता. पण आज सकाळी फुलसिंग दवाखान्यात आला होता. बाबांनी त्याला भिंतीला उभं केलं आणि रेघ कालपर्यंतच्या सगळ्या रेघांच्या वर गेली. आता वर जागा नाही; बाबा म्हणतात, स्टूल आणावं लागेल. मधुकर म्हणाला, पुढच्या वेळी यवतमाळवाल्यांना नाक्यावरच कोंडू. पोरं हसत होती. पत्र्याचे डबे अजून शेतात वाजतात. मला वाटलं होतं की तुमच्याशिवाय हे सगळं बघताना मला रडू येईल. येतं, पण मधेच मधुकर काहीतरी बोलतो.

आता रविवारचं. शेवटचा डाव होता. आपण एका धावेनं पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद झाले होते, एक तिसऱ्या नाक्यावर उभा होता, एक दुसऱ्या. तिसरा गडी बाद झाला की डाव संपतो, म्हणजे एकच गडी बाद करायचा होता. फुलसिंग असा फेकत होता की पाहणाऱ्यांनी श्वास धरले होते. मी बाकावर बसले होते, मांडीवर वही, उजव्या मुठीत सरकी, डावीकडे फडक्यात पडलेले दाणे. मुठीत तीन राहिले. मग दोन. मग एक.

साठावी फेक दांड्याला लागून मागे गेली. मूठ रिकामी झाली.

फुलसिंगनं चेंडू परत घेतला. त्याला माहीत होतं. मधुकरला माहीत होतं. सगळ्या संघाला माहीत होतं, आणि कोणी काही बोललं नाही, कारण अजून एक किंवा दोन फेकी आणि सामना आपला होता. तुमच्या नावावरचा सामना. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “फेक रे फुलसिंग, मास्तरसाठी!” त्यानं बाकाकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते ओरडू शकले असते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. त्यांना तुम्ही काही सांगून ठेवलं होतं का, मास्तर?

फुलसिंगनं हात मागे नेला. कोपर वर आलं. त्या क्षणी चिठ्ठीचा उपयोग नव्हता.

वही मांडीवरून खाली पडली. मी उभी राहिले होते. मैदानभर, यवतमाळच्या पाहुण्यांसमोर, हेडमास्तरांसमोर, आईसमोर, माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला, आणि तो चिमणीचा नव्हता :

“बस झालं बे, हात खाली!”